मागच्या पाट्याचे बुश बदलताना

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत ऑगस्टच्या सुमारास टोमॅटोचे लिलाव सुरू झाले, की महामार्गालगतच्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. टोमॅटोचा हंगाम ओसरतो तोच द्राक्षे सुरू होतात आणि कांदा तर जवळजवळ वर्षभर असतोच. शेतातून बाजारापर्यंतचा हा माल बहुतेक करून पिकअप गाडीतून येतो. टोमॅटोचे एक क्रेट वीस किलोचे धरले तरी ७५ क्रेट म्हणजे दीड टन झाले. आणि हंगामात ७५ वर हात आवरणारा ड्रायव्हर विरळाच. हे सारे ओझे मागच्या पाट्यांवर येते. ओझे पाटे पेलतात हे खरे, पण धुरा जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम करतात ते पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांत बसवलेले, मुठीत मावतील एवढे रबरी बुश.

गॅरेज, लेथ, वेल्डिंग आणि पाट्यांच्या कामात आपले पुष्कळ कारागीर आहेत. बुश बदलणे हे त्यांच्या दृष्टीने किरकोळ काम. सकाळी गाडी आली, दुपारी गेली. तरीही एक तक्रार नेहमी ऐकू येते : "नवीन बुश टाकले आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा खडखड सुरू झाली." दोष मालाचा म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. नकली माल बाजारात असतो हे नाकारता येत नाही. पण बऱ्याच वेळा दोष मालात नसून शेवटचा नट कधी आवळला यात असतो. या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे, आणि तो समजण्यासाठी आधी बुशची बनावट पाहावी लागेल.

जुन्या ट्रकांत पितळी किंवा गनमेटलचा बुश आणि त्यात फिरणारी पिन असे. निपलमधून ग्रीस मारले, की काम भागत असे. रबरी बुशची गोष्ट निराळी आहे. बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी आणि दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर, अशी त्याची रचना असते. बाहेरचे कवच पाट्याच्या डोळ्यात ठोकून बसते. आतली नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये आवळली जाते आणि मग ती अजिबात फिरत नाही. पाटा वरखाली झाला तर फिरते कोण? कोणीच नाही. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. पिनवाला बुश घासून झिजतो, रबरी बुश पिळला जाऊन फाटतो. हा फरक ज्याच्या ध्यानात आला त्याला पुढचे सारे आपोआप कळते.

आता आपल्याकडे काम कसे होते ते पाहू. चेसिस स्टँडवर उचलली, चाके काढली, धुरा खाली लोंबकळतो आहे, पाटा सैल होऊन भलत्याच कोनात आलेला आहे. त्याच अवस्थेत नवीन बुश बसवून बोल्ट पूर्ण आवळला जातो. आतली नळी त्या कोनात पक्की झाली. गाडी खाली उतरवली की वजनाने पाटा वर जातो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेले राहते. त्यावर दीड टन माल चढला, शिवाररस्त्याचे खड्डे आले, की ते आणखी पिळले जाते आणि शेवटी नळीपासून सुटते. रबर चांगल्या कंपनीचे असले तरी त्याला हे सोसत नाही. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने किंवा हलक्या पान्याने लावावेत, चाके चढवावीत, गाडी जमिनीवर उतरवून मागे-पुढे एकदोनदा ढकलावी, पाटे आपल्या जागी बसू द्यावेत आणि मगच नट पूर्ण आवळावेत. खाली शिरून हात पोहोचत नसेल, तर धुऱ्याखाली दोन जॅक लावून चेसिस स्टँडवरून उचलली जाईल-न जाईल इतपत वजन पाट्यांवर आणावे. स्टँड मात्र जागेवरच असू द्यावेत. नट किती आवळायचा याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात गाडीच्या मॉडेलप्रमाणे दिलेला असतो. पाइप लावून अंगाच्या जोराने आवळण्यापेक्षा टॉर्क पाना एकदा विकत घेतलेला बरा.

हा नियम पिकअपपुरता नाही. ओम्नीलाही मागे पाटेच होते. पाट्यांऐवजी स्प्रिंग आणि ट्रेलिंग आर्म असलेल्या छोट्या मोटारींतही तसलेच बुश असतात. सगळ्यात जास्त चोखंदळपणा हलक्या स्पोर्ट्स गाड्यांना लागतो. जपानी माझदा कंपनीने १९८९ साली काढलेली एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी जेमतेम साडेनऊशे किलोची. इंग्रजी लोटस एलिस, १९९६ ची, तर त्याहूनही हलकी. आपल्या शेजारी गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची उघडी गाडी बनवली होती. असली गाडी पिंपळगावच्या गॅरेजात येण्याचा योग कमीच, पण तिच्यापासून शिकण्यासारखे आहे. हलक्या गाडीत मागचे चाक दोन-चार मिलिमीटर सरकले तरी वळणावर चालवणाऱ्याला ते लगेच हाताला जाणवते. पिकअपमध्ये तेवढेच चाक सरकते, पण मालाच्या ओझ्यात आणि खडखडाटात ड्रायव्हरला ते कळत नाही. ते कळते कसारा घाट उतरताना, भरल्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर मागची बाजू एकीकडे ओढली जाते तेव्हा. तेव्हा कळून उपयोग काय?

म्हणून तपासणी घाटाच्या आधी व्हायला हवी. गिऱ्हाईक सांगते, "मागून आवाज येतो." तेवढ्यावर बुश काढायला घेऊ नयेत. इंजिन चालू ठेवून एकाने ब्रेक दाबावा आणि पहिला व रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकून क्लच अगदी किंचित सोडावा. दुसऱ्याने गाडीखाली न जाता बाजूने, बॅटरी घेऊन पाट्याचा पुढचा डोळा पाहावा. डोळा ब्रॅकेटमध्ये "टक" करून पुढे-मागे सरकला तर बुश गेला. मग इंजिन बंद करून चाकांना उटी लावावी आणि पहार घालून डोळा व शॅकल हलवून पाहावे. त्यानंतर टेप घेऊन दोन्ही बाजूंचे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. पुढची चाके सरळ असावीत. डाव्या-उजव्या मापात ठळक फरक असला, तर धुरा तिरका झाला आहे. गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावते असे ड्रायव्हर म्हणतात, ते यामुळेच. मात्र पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाला तरी हेच लक्षण दिसते. तो न पाहता नुसते बुश बदलले, तर पैसे घेऊन रोग तसाच ठेवला असे होईल.

जुना बुश काढणे हीच खरी अंगमेहनत. वर्षानुवर्षांच्या गंजाने कवच डोळ्यात जणू वेल्ड झालेले असते. इथे सर्रास गॅसची ज्योत लावून रबर जाळून टाकतात. काम झटपट होते खरे, पण पाट्याचे पोलाद पाणी देऊन तयार केलेले असते. डोळा तांबडा होईपर्यंत तापला की ते पाणी उतरते. पाटा दिसायला तोच राहतो, पण डोळ्यापाशी तो मऊ पडतो, उघडू लागतो किंवा तडकतो. शिवाय जळक्या रबराचा धूर गॅरेजातली पोरे छातीत घेतात ते वेगळेच. त्यापेक्षा रबर ड्रिलने भोके पाडून काढावे, आतली नळी सुटली की हॅक्सॉचे पाते आत घालून कवचाला एक चीर द्यावी आणि छिन्नीने ते आत दुमडावे. चीर डोळ्याच्या पोलादापर्यंत जाता कामा नये. तिथे ओरखडा पडला की तडा तिथूनच सुरू होतो.

हायड्रॉलिक प्रेस नसेल तर अडून राहण्याचे कारण नाही. जाड आट्याचा दांडा, दोन नट आणि लेथवर मापाने कातलेल्या दोन टोप्या एवढ्यात स्क्रू-प्रेस तयार होतो. एक टोपी बुशच्या बाहेरच्या कवचाएवढी आणि दुसरी बुश आत मावेल इतकी पोकळ. दाब नेहमी कवचावर द्यावा. आतल्या नळीवर हातोडा मारला की रबराचा चिकटा तिथेच सुटतो आणि नवा बुश बसण्याआधीच निकामी होतो. बसवण्यापूर्वी डोळा आतून पॉलिश कागदाने साफ करावा. काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. जुना कोणत्या दिशेला होता त्याची खूण आधीच करून ठेवावी. एका बाजूचा गेला असला तरी दोन्ही बाजूंचे बदलावेत, नाहीतर धुरा पुन्हा एका अंगाला कलायला वेळ लागत नाही.

तेल-ग्रीसबाबत एक वाईट सवय आपल्याकडे रुळली आहे. बुश करकरला की त्यावर जळके इंजिन ऑइल सोडायचे. आवाज आठवडाभर थांबतो आणि रबर फुगून पिठूळ होते. साधे ग्रीसही रबराचे शत्रूच. बसवताना ओलावा हवा असेल तर साबणाचे पाणी पुरते.

लेथवर नायलॉनचा बुश कातून देणारे कारागीरही आहेत आणि तो टिकतो म्हणून त्यांची तारीफ होते. पण नायलॉन दबत नाही. पाटा जरा पिळला की तो सारा जोर डोळ्यावर आणि ब्रॅकेटच्या कानांवर जातो, आणि ब्रॅकेट फाटले की काम चेसिसच्या वेल्डिंगपर्यंत पोहोचते. पॉलियुरेथेनचे बुश हा त्यातल्या त्यात मधला मार्ग. ते रबरापेक्षा टणक असतात, तेलाने सहसा बिघडत नाहीत आणि त्यांच्यात आतली नळी मोकळी फिरत असल्याने पिळाचा प्रश्न येत नाही. परदेशात स्पोर्ट्स गाडीवाले हौसेने तेच टाकतात. मात्र त्यांना सिलिकॉनचे खास ग्रीस लागते, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका ते गाडीच्या अंगात पोहोचवतात. द्राक्षे वाहणाऱ्याने याचा आधी विचार करावा.

धंद्याच्या बाजूने पाहिले तर बुश शेकड्यांत येतात आणि तिरक्या धुऱ्याने खाल्लेले टायर हजारांत जातात. गिऱ्हाइकाला हा हिशेब सांगितला की मजुरीवर घासाघीस कमी होते. जुने बुश पिशवीत घालून त्याच्या हाती द्यावेत, बिलावर कोणत्या कंपनीचा माल टाकला ते लिहावे आणि यू-बोल्ट सैल केले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर आवळून घ्यायला परत बोलवावे, मजुरी न घेता. गाडीमालकांनी हे काम जुलैतच उरकलेले चांगले. लिलाव सुरू झाल्यावर गाडी अर्धा दिवस उभी ठेवायला कोणी तयार होत नाही, आणि घाईत शेवटचा नट पुन्हा लोंबकळत्या धुऱ्यावरच आवळला जातो.