सार्वजनिक जीवनाची पत

सार्वजनिक जीवनात आता काही राम उरला नाही, हे वाक्य चार माणसे एकत्र जमली की हटकून कानी येते. विश्वास गेला, अब्रूची चाड गेली, देशप्रेम झेंड्यापुरते उरले, असा एकंदर सूर असतो. तक्रार खोटी नाही. पण ती करून आपण मोकळे होतो, हेही तितकेच खरे. या तीन गोष्टी परत कशा आणाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या मते त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी नव्हेतच. स्वतःला झळ लागली तरी शब्दाला जागणे, हे एकच तिघींचे मूळ होय.

प्रथम विश्वास घेऊ, आणि त्यासाठी दूर कशाला जावे? आपण राहतो त्या नवी मुंबईचीच कथा पाहू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची भातशेती, मिठागरे आणि खाडीकाठ नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. शहर हवे होते, यात वाद नाही. परंतु जमीन गेल्यावर मिळणारा मोबदला अपुरा आहे आणि उद्याच्या पोटाची सोय कोणी सांगत नाही, हे शेतकऱ्यांचे दुःख होते. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणास मुकले.

या घटनेचा अर्थ नीट कळण्यासाठी आणखी मागे जावे लागते. याच उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्या वेळी गोळी परक्या सरकारची होती. ज्या मुलखाने देशासाठी किंमत मोजली, त्याच मुलखाच्या वाट्याला चोपन्न वर्षांनी स्वकीय सरकारची गोळी आली! विश्वास तुटणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यावा, असे तिचे सूत्र. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यामागे हे पाच गुंठे होतात. सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हाती पडते ते याहूनही कमी, आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली. तरीसुद्धा, ज्याची जमीन त्याचा शहरात वाटा, हे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. विश्वास जोडला जातो तो अशा वाट्याने; आणि वाटा मिळण्यास जितका विलंब लागतो, तितका तो पुन्हा उसवतो.

आता अब्रू. चूक लपविणे म्हणजे अब्रू राखणे, अशी आपली समजूत झाली आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि नामदार गोखले विलायतेत होते. प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्या आधारे त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि तो त्यांना देता येईना. पत्र लिहिणाऱ्यांची नावे पुढे करून सुटता आले असते. गोखल्यांनी तसे न करता जाहीर व बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरविले. पण आपल्या शब्दाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले नाही, म्हणूनच पुढे त्यांच्या शब्दाला वजन आले. १९०५ साली हेच गोखले काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला.

राहिली देशभक्ती. दुसऱ्याची देशभक्ती तपासत फिरणे म्हणजे देशभक्ती नव्हे. अमेरिकेत १९५० च्या सुमारास सिनेटर मॅकार्थी यांनी ज्याच्यात्याच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवण्याचा सपाटा लावला. त्या वेळी मार्गारेट चेस स्मिथ या त्यांच्याच पक्षाच्या बाई सिनेटमध्ये उभ्या राहिल्या आणि अशा चिखलफेकीने देशाची शोभा होत नाही, या आशयाचे बोलल्या. पुढे १९५४ मध्ये सिनेटने मॅकार्थींची निंदा करणारा ठराव संमत केला. आपल्याकडील उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. महाडजवळच्या नाते गावचे हे सुपुत्र १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात आहे, हे पाहून १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. पद सोडले, पण देशसेवा सोडली नाही. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. आपल्या माणसांना दिलेला शब्द आणि देशाची सेवा यांत विरोध नसतो, हे त्यांनी वागून दाखविले.

मग आम्ही नागरिकांनी काय करावे? मोठ्या माणसांची वाट पाहत बसू नये. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला किती सभासद येतात? उत्सव मंडळाचा हिशेब फलकावर लागतो का? पाच वर्षांपूर्वीचा जाहीरनामा घेऊन नगरसेवकाला प्रश्न विचारणारे आपल्यात किती आहेत? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारण्याचा हक्क दिला. विचारण्याची सवय आपणच लावून घ्यावयाची आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःचा हिशेबही उघडा ठेवला पाहिजे, नाही तर त्याचा प्रश्न पोकळ ठरतो.

आपली घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, तेथे कोणी एके काळी भात लावीत होते. त्यांना दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले, ही चौकशी केवळ त्यांची नव्हे, आपलीही आहे. पत गावाची असो वा देशाची, ती अशा चौकशीनेच वाढते.