लाल मातीवर फिका रंग हवा? आधी पांढरे अस्तर द्या

पीक पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. तिथल्या कुंभारदादांनी एक बरणी माझ्यापुढे ठेवली. "साहेब, गिऱ्हाइकाला आकाशी रंग हवा होता. लावला तसाच, पण भट्टीतून हे काय निघालं बघा." बरणी मळकट तपकिरी झाली होती. सरपण गेले, मेहनत गेली आणि गिऱ्हाईकही गेले.

दोष रंगाचा नव्हता. आपल्या ओढ्याकाठच्या मातीत लोह भरपूर असते आणि भाजल्यावर तेच लाल रंग देते. झिलई म्हणजे भांड्यावर वितळलेली काच. तिच्यातून खालचा लाल रंग दिसतोच, शिवाय थोडे लोह झिलईतही उतरते. गेरूच्या भिंतीवर निळीचे पाणी मारले, तर भिंत आकाशी होईल का? तसेच हे.

यावर जुना उपाय आहे. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे लाल मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचे अस्तर देऊन मग नक्षी व झिलई करण्याची रीत होती. आपणही तेच करावे.

चाचणीसाठी चिनी माती ३० भाग, बॉल क्ले ३०, गारगोटीची पूड २० आणि फ्रिट २० भाग घ्यावे. फ्रिट म्हणजे वितळवून दळलेली काच. तिच्यामुळे अस्तर भांड्याला धरून राहते. मिश्रण पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळावे व दाट ताकासारखे ठेवावे. भांडे अर्धवट सुकलेले, म्हणजे बोटाने दबत नाही पण नखाचा ओरखडा उठतो असे असताना दोन हात द्यावेत. पूर्ण सुकल्यावर दिले तर पापुद्रे सुटतात.

भांडे एकदा भाजून घ्यावे आणि मग झिलई लावावी. शंभर ग्रॅम कोरड्या झिलईला पाव ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइड फिक्या निळ्यासाठी पुरते. तरीही लाली डोकावली तर झिलईत दहा टक्के झिरकॉन मिसळावे. ती दुधी होऊन खालचे झाकते. दुसरी भाजणी बंद भट्टीत साधारण १००० ते १०५० अंशांवर होते. उघड्या आव्यात राख चिकटते आणि आच सारखी लागत नाही. फ्रिट किती अंशाला वितळते, हे दुकानदाराला आधी विचारावे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. स्वस्तात चकाकी येते म्हणून शेंदूर किंवा शिशाची झिलई वापरू नका. लोणचे, ताक, चिंचेचे सार अशा आंबट पदार्थांत शिसे उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. बोरॅक्सची, शिसेविरहित फ्रिट मागून घ्या. झिलई दळणाऱ्यानेही नाकात धूळ जाणार नाही याची काळजी घ्यावी.

कमी आचेवर भाजलेली लाल माती थोडी सच्छिद्रच राहते. झिलईला बारीक तडे गेले, तर मीठ-पाणी झिरपते. म्हणून सुरुवात पणत्या, कुंड्या, फुलदाण्यांपासून करावी. लोणच्याची बरणी विकण्यापूर्वी तिच्यात आठवडाभर मिठाचे पाणी भरून ठेवावे. बाहेरून ओल दिसली, तर ती विकू नये.

ग्रामसेवक व बचत गटांनी पहिल्या चाचणीचा खर्च उचलला, तर एका कुटुंबावर भार पडणार नाही. आधी चार ठिकऱ्यांवर लावून बघा, मगच भट्टी भरा. बियाणे आधी चार दाणे ओल्या फडक्यात ठेवून तपासतो, तसेच हे.