रिठा, कोळसा आणि पाण्याचा हिशेब

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात ब्लॅक मेसा नावाचं पठार आहे. तिथला कोळसा 1970 ते 2005 या काळात बारीक करून पाण्यात कालवला जाई आणि सुमारे 440 किलोमीटरच्या पाइपलाइनमधून नेवाडातल्या मोहावी वीज केंद्राला पोहोचवला जाई. निम्मा कोळसा, निम्मं पाणी. हे पाणी नावाहो आणि होपी लोकांच्या वाळवंटी मुलखातल्या भूजलातून उपसलं जाई. वर्षाला 380 कोटी लिटरहून अधिक. आमचे झरे आटताहेत, हे गाऱ्हाणं ते लोक वर्षानुवर्षं मांडत राहिले. 2005 च्या अखेरीस केंद्र बंद झालं आणि पाइपलाइनही.

असा पाण्यात कालवून, म्हणजे स्लरीच्या रूपात, माल नेण्याचे फायदे खरे आहेत. रस्त्यावर ट्रकांची रांग लागत नाही, धूळ उडत नाही, डिझेल वाचतं. आपल्याकडे गडचिरोलीत हेडरी ते कोनसरी अशी लोहखनिजाची सुमारे 85 किलोमीटरची पाइपलाइन 2025 मध्ये झाली. कोळशाच्या बाबतीत मात्र कळीचा प्रश्न पाण्याचा आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणात टनभर कोळशामागे हजार लिटर पाणी लागतं. कोळशाचं प्रमाण 65 टक्क्यांवर नेलं, तर साधारण 540 लिटर पुरतं. शिवाय इतकी दाट स्लरी थेट भट्टीत फवारून जाळता येते. मोहावीत आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी काढावं लागे.

पण कोळशाला पाण्याचं वावडं. त्याचे कण पाण्यापासून अंग चोरून एकमेकांना बिलगतात आणि त्यांच्या पुंजक्यांत पाणी अडकून पडतं. मग स्लरी इतकी घट्ट होते की पंपाला रेटवत नाही. पंप थांबला, तर तळाशी गाळ दगडासारखा बसतो. म्हणून स्लरीत सर्फॅक्टंट, म्हणजे कणांना पाण्यात सुटं ठेवणारे पदार्थ, घालतात. बहुतेक ठिकाणी नॅप्थलीनपासून केलेली सल्फोनेट रसायनं वापरतात. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना निघणारं लिग्नोसल्फोनेटही चालतं.

ओडिशातल्या संबलपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी या कामासाठी रिठा निवडला. विद्यापीठ बुर्ल्यात आहे, कोळशाच्या खाणींपासून फार लांब नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रिठ्याच्या अर्काने कोळशाचं प्रमाण 60 टक्क्यांच्या पुढे नेता आलं.

सराफ दागिने धुतात तोच हा रिठा. वाळलेलं फळ फोडलं की काळी, टणक बी वेगळी होते. कामाची असते ती भोवतालची सुरकुतलेली, चिकट साल. ती पाण्यात भिजवली की सॅपोनिन उतरतं. सॅपोनिनच्या रेणूचं एक अंग तेलकट, दुसरं साखरेचं. तेलकट अंग कोळशाच्या कणाला धरतं, साखरेचं पाण्याकडे राहतं. प्रत्येक कणाभोवती असं आवरण झालं की कण एकमेकांना बिलगत नाहीत, अडकलेलं पाणी सुटतं आणि तेवढ्याच पाण्यात जास्त कोळसा वाहतो. स्लरी टिकते का, हे पाहायची एक साधी रीत आहे. काही दिवस स्थिर ठेवलेल्या नळकांड्यात काचेची कांडी सोडायची. ती आपल्या वजनाने तळाला टेकली तर ठीक. वरच अडली तर खाली गाळ घट्ट बसला आहे.

एवढ्यावरून रिठ्याला सर्वगुणसंपन्न ठरवू नये. त्याला फेस येतो आणि फेसातली हवा पंपाला त्रास देते. अर्क लवकर आंबतो, म्हणजे साठवणुकीचा प्रश्न आला. आपल्या कोळशात राख जास्त. राखेतली खनिजं पाण्याला धार्जिणी असल्याने तिथे सॅपोनिनची पकड कोळशावरच्यासारखी बसेलच असं नाही. हेच लोहखनिजालाही लागू आहे. आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. सॅपोनिनयुक्त वनस्पती डोहात टाकून मासे गुंगवणं अनेक आदिवासी समाजांना पूर्वापार ठाऊक आहे. तेव्हा वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक, असं समजून स्लरीतलं पाणी नदीत सोडणं मुळीच परवडणारं नाही.

तरीही हे संशोधन पुढे जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. रिठ्याचं झाड कोकणात आणि सह्याद्रीत सहज वाढतं, फळ गोळा करायला झाड तोडावं लागत नाही आणि मागणी वाढली तर चार पैसे गावात येतील. पण ज्या खाणीचा कोळसा, त्याच कोळशावर चाचणी व्हावी. निचऱ्याचं पाणी माशांवर तपासावं. आणि टनामागे किती लिटर पाणी वाचलं, तो आकडा पाइपलाइन ज्या गावांतून जाते त्यांच्यापुढे परवानगीआधी ठेवावा. पाणी त्यांचं असतं, म्हणून हिशेबही आधी त्यांनाच मिळायला हवा.