चलन भरायचं की लढायचं?

लोकअदालतीचा भाग या आठवड्यात येणार होता. तो पुढे ढकलला आहे, कारण साताऱ्याहून आलेलं एक पत्र. पत्रलेखकांना मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं चलन आलं. मर्यादा ताशी १००, चलनावरचा वेग ११२, दंड २,००० रुपये. आपण शंभराच्या आतच होतो, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. विचारतात, "वकील करू, की भरून मोकळा होऊ?"

भरलं की मोकळं झालो, ही समजूत आधी तपासून घ्यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरून गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमाला २०१९ च्या दुरुस्तीने जोडलेली परंतुकं मात्र फारसं कुणी वाचत नाही. तडजोडीने मिटलेला गुन्हाही पुढच्या वेळी 'आधीचा गुन्हा' म्हणून धरला जातो, आणि दंड भरला म्हणून लायसन्सवरची कारवाई टळत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. वेगाच्या कलम १८३ मध्ये दुसऱ्या गुन्ह्यापासून लायसन्स जमा करण्याची तरतूद आहे. म्हणजे आज मुकाट्याने भरलेले दोन हजार उद्याच्या चलनाचा क्रमांक ठरवतात. वकील करायचा की नाही, याचा हिशेब नुसत्या दंडाच्या रकमेवर मांडला तर तो हमखास चुकतो.

कलम १८३ चं तिसरं पोटकलम हा या लेखमालेचा लाडका विषय, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. एकट्या साक्षीदाराच्या 'मला वाटलं, गाडी फार जोरात होती' एवढ्या मतावर कुणालाही वेगाच्या गुन्ह्यात दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं. 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द २०१९ चा. मूळ तत्त्व त्याहून पुष्कळ जुनं. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटर कार कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, तेव्हाच एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर शिक्षा नको, अशी अट घातली होती. डोळ्याचा अंदाज फसतो, हे त्या काळच्या कायदेकारांनाही पटलेलं होतं.

मग यंत्र फसत नाही का? १९७९ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामीत हाच वाद न्यायालयात गाजला. एका दूरचित्रवाणी वार्ताहराने पोलिसांच्या रडारचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात माडासारखं एक झाड ताशी ८६ मैलांनी पळताना नोंदलं गेलं आणि एक घर ताशी २८ मैलांनी! न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्या आणि रडारची विश्वासार्हता निःसंशय सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. अमेरिकेतले वकील तो निर्णय आजही सांगतात. पण तो रडारचा होता आणि त्या काळातल्या यंत्रांचा होता, हे आपल्याकडच्या वाचकांनी विसरू नये.

रडारचा झोत विजेरीच्या उजेडासारखा पसरतो. शेजारशेजारच्या दोन गाड्यांपैकी आकडा कोणाचा, हा प्रश्न तिथे खराच उभा राहतो. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये असते ती लेझरची बंदूक. तिचा झोत बारीक असतो, नेम एकाच गाडीवर धरता येतो. "बंदूक तिरकी धरली होती" हा बचाव तर सहसा उपयोगाचाच नाही. रस्त्याच्या कडेने कोनातून मोजलं की आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी येतो. २० अंशांचा कोन असेल तर शंभरची गाडी सुमारे ९४ दिसते. चूक होते, पण चालकाच्या फायद्याची.

द्रुतगती महामार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. तिच्यात काही टप्प्यांवर सरासरी वेग काढला जातो: कमानीखालून गेल्याची वेळ, पुढच्या कमानीची वेळ, मधलं अंतर. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले तर सरासरी ताशी १२०. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबणाऱ्यांचा इथे काही उपयोग होत नाही.

म्हणून साताऱ्याच्या वाचकांना पहिला सल्ला असा की, ते चलन नीट उघडून फोटो मोठा करून बघा. नंबरप्लेट पूर्ण वाचता येते का? गाडीचा रंग, मॉडेल आपलंच आहे का? बंदुकीने टिपलेल्या फोटोवर नेमाची फुली असते. ती आपल्या गाडीवर आहे की शेजारच्या ट्रकवर? तारीख, वेळ, ठिकाण, मोजलेला वेग, लावलेलं कलम हे सगळं आहे का? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत निघायला हवी, असं तो सांगतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही चलनासोबत लागतं. कोर्टात जाणारा चांगला वकील हेच कागद मागतो. ते माहितीच्या अधिकारात गाडीमालकालाही मागता येतात.

फोटो बघण्याचं महत्त्व पटवायला जानेवारी २०२१ ची मुंबईतली घटना पुरेशी आहे. दिवंगत उद्योगपती रतन टाटा यांच्या गाडीच्या नावे नियमभंगाची चलनं येत होती. ती गाडी तिथे गेलेलीच नव्हती. वाहतूक पोलिसांनी सीसीटीव्ही तपासले, तेव्हा अंकशास्त्राच्या सल्ल्यावरून कुणीतरी तोच नंबर आपल्या गाडीला लावल्याचं उघड झालं. चलनं खऱ्या गाडीकडे वळवली गेली आणि गुन्हा नोंदला गेला. आपला नंबर दुसऱ्या गाडीवर दिसला तर लगेच पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

गाडी विकली, पण आरसी बुकावर नाव जुनंच राहिलं आणि चलन जुन्या मालकाला आलं, ही तक्रार तर प्रत्येक तालुक्यात सापडते. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. ते राहिलं असेल तर आरटीओकडे अर्ज आधी, बाकीचं नंतर.

आता वकिलाचं. खासगी मोटार, पहिलंच चलन, अपघात नाही, फोटोत गाडी आपलीच आणि कागद चोख असतील तर वकील करू नये. तारखेला मोडणारा दिवस आणि वकिलाची फी मिळून दंडाच्या पलीकडे जाते. फोटोतच गफलत दिसत असेल तरीही सुरुवात वकिलापासून नको. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. तिथे दाद लागली नाही, तर एकदा वकिलाला कागद दाखवून मग ठरवावं.

ट्रकचालकाचं गणित निराळं. अवजड वाहनाला केंद्रीय कायद्यात दोन ते चार हजारांचा दंड आहे, पण त्याची खरी भीती लायसन्सची. जमा झालेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि कलम १९ खाली पहिल्या खेपेला तीन महिने गाडी चालवायला बंदी येऊ शकते, पुढच्या खेपेला लायसन्सच रद्द होऊ शकतं. तीन महिने पगार नाही, हप्ते मात्र चालू. त्या आदेशाआधी चालकाचं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि वकिलाची फी वसूल होते ती या सुनावणीत. चलनाच्या जोडीला अपघात असेल, कुणी जखमी झालं असेल किंवा दगावलं असेल, तर दंड भरायच्याही आधी वकील गाठावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वेगाची नोंद त्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

फीचा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघावं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. तिथे चलनाची प्रत घेऊन अर्ज करायचा.

साताऱ्याच्या वाचकांचं हे पहिलंच चलन आहे. त्यांनी वकील करू नये. फोटो तपासावा, फरक दिसला तर तक्रार टाकावी, नाहीतर भरावं आणि ही आपली पहिली नोंद आहे हे ध्यानात ठेवावं. पुढच्या आठवड्यात मात्र लोकअदालतच. सहा महिन्यांहून जुन्या चलनांवर मुदतीचा आक्षेप घेता येतो का, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. तुमच्याकडे अशी जुनी चलनं पडून असतील, तर त्यांवरची तारीख आणि नोटीस मिळाल्याची तारीख दोन्ही कळवा.