सोनं धुवायची पाटी आणि पन्हळ: घरी कशी करायची, कुठे थांबायचं



सोन्याचा भाव चढला की एक प्रश्न हमखास निघतो. नदीच्या वाळूत सोनं असतं म्हणतात, मग आपल्या नाचणगाव-पुलगावजवळून वाहणाऱ्या वर्धा नदीत ते असेल का? आणि असलं, तर ते काढायचं साधन आपल्याला घरच्या घरी करता येईल का?

आधी उत्तर सांगते, मग सविस्तर बोलू. साधन घरी करता येतं आणि त्याला खर्च फार येत नाही. आपल्या भागातल्या वाळूत मात्र सोन्याची आशा धरू नये. तरीही हे साधन समजून घेण्यासारखं आहे. कारण ज्या एका गुणावर ते चालतं, त्याच गुणावर खोटं सोनं ओळखता येतं. बचत गटाचा पैसा सांभाळणाऱ्या बाईला ही ओळख हवीच.

तांदूळ रोळणारीला हे येतंच

तांदूळ रोळताना आपण काय करतो? पाण्यात भांडं हलवतो. तांदूळ हलका, तो पाण्याबरोबर वर येतो. खडा जड, तो तळाशी राहतो. सोनं धुणं म्हणजे हेच रोळणं. फक्त इथे वरचं टाकायचं आणि तळाचं ठेवायचं.

आता वजनातला फरक बघा. एक वाटी पाण्याचं जेवढं वजन, त्याच्या सुमारे अडीच पट तेवढ्याच आकाराच्या भरीव वाळूच्या दगडाचं. लोखंडाचं जवळजवळ आठ पट. आणि शुद्ध सोन्याचं एकोणीस पट! म्हणून वाळूच्या कणाएवढाच सोन्याचा कण असला, तर तो वाळूच्या कितीतरी आधी तळ गाठतो.

हे काम करणारी माणसं

वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटकडच्या नद्यांवर, वाळू धुऊन सोनं काढणारा समाज आहे. त्यांना सोनझारी किंवा सोनझरा म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही या समाजाची माहिती आहे. लाकडाची उथळ पाटी हे त्यांचं मुख्य साधन. झारखंडकडच्या सुवर्णरेखा नदीवरही अशी माणसं आहेत. आणि सराफ्यातली धूळ, गाळ गोळा करून धुणारे आपले झारेकरी तर शहरातल्या बायांनी पाहिलेही असतील.

मग वैनगंगेकडे सोनं आणि आपल्याकडे नाही, असं का? कारण नदी सोनं तयार करत नाही, खडकातलं वाहून आणते. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत साकोली, परसोडीच्या बाजूला फार जुने खडक आहेत. त्यांतल्या पांढऱ्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोन्याचे अंश भूवैज्ञानिकांना मिळालेले आहेत. आपल्या भागात काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला आणि थिजला, त्याचा हा दगड. यानेच आपल्याला कपाशीची काळी माती दिली. पण सोन्याच्या शिरा यात सापडत नाहीत. जे खडकात नाही ते वाळूत कुठून येणार?

पहिलं साधन: चाळणी आणि पाटी

वाळू आधी चाळून घ्यायची. ज्वारीचा दाणा पडेल एवढ्या भोकांची चाळणी पुरते. वरचे गोटे नुसते टाकू नका, पाण्याने धुऊन टाका, कारण बारीक कण चिखलाने गोट्याला चिकटलेले असतात.

पाटीसाठी प्लॅस्टिकचं उथळ, पसरट घमेलं घ्या. काळं किंवा गडद रंगाचं असलं तर पिवळा कण लवकर दिसतो. ते नीट घासून तेलकटपणा काढा. तेलकट पाटीत बारीक कण पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो. घमेल्याच्या एकाच बाजूला, आतून, तीन-चार आडव्या खाचा पाडा. तापवलेल्या खिळ्याने पडतात, पण धुरापासून तोंड दूर ठेवा आणि हे काम उघड्यावर करा.

आता कृती. घमेलं अर्ध्यापेक्षा थोडं कमी भरा आणि टबात पाण्याखाली धरा. हाताने ढेकळं फोडा, गढूळ पाणी जाऊ द्या. मग घमेलं पाण्याखालीच डावी-उजवीकडे झटझट हलवा. जड कण खाली बसतात. मग खाचांची बाजू पुढे कलती करा आणि वरची वाळू हळूहळू पाण्याबरोबर सोडा. पुन्हा हलवा, पुन्हा सोडा. शेवटी चमचाभर काळी रेती उरेल. ती लोहयुक्त असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं की बरीचशी चिकटून येते. पिशवी उलटी केली की सुटते.

ही काळी रेती आपल्या वर्धा नदीच्या वाळूतही भरपूर निघते. ती निघाली म्हणजे हात बरोबर बसला एवढंच समजायचं. ती सोन्याची खूण नव्हे.

दुसरं साधन: पन्हळ

पाटीत एका वेळी एकच घमेलं होतं. जास्त वाळू धुवायची तर लाकडी पन्हळ करतात. चार फूट लांब, दहा इंच रुंद फळी घ्या. दोन्ही कडांना पाच-सहा इंच उंचीच्या फळ्या ठोका. तळावर गोणपाट किंवा जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरा. त्यावर शिडीसारखी चौकट ठेवा, म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि त्यांवर चार-चार इंचांवर इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या. चौकट ठोकून टाकू नका, ती उचलता आली पाहिजे. बाजूने पाचर मारून घट्ट बसवा.

घोंगडी का? लोकरीच्या केसांत बारीक कण अडकतो. जॉर्जिया देशातल्या डोंगरी भागात लोक ओढ्यात मेंढीचं अख्खं कातडं अंथरून सोनं धरत, अशी जुनी नोंद आहे.

पन्हळीचा उतार फुटाला एक इंच ठेवा, म्हणजे चार फुटांना वरचं टोक चार इंच उंच. पट्ट्यांवरून इंच-दीड इंच पाणी वाहिलं पाहिजे. प्रत्येक पट्टीच्या मागे पाण्याला छोटा भोवरा पडतो, आणि जड कण तिथेच बसतो. पट्ट्यांमधल्या जागा वाळूने गच्च भरायला लागल्या तर उतार थोडा वाढवा. गोणपाट उघडं पडायला लागलं तर उतार कमी करा. वाळू एकदम ओतू नका, तांब्या-तांब्याने सोडा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठलं? म्हणून पन्हळीच्या खाली टब ठेवा. गाळ बसला की वरचं पाणी परत ड्रममध्ये टाका, तेच पुन्हा चालतं. शेवटी चौकट उचला, घोंगडी न झटकता अलगद गुंडाळा आणि टबात धुवा. उरलेला गाळ पाटीत रोळा.

साधन नीट झालं की नाही, कसं कळणार?

ही पायरी कोणी गाळू नये. बांधकामाची बाइंडिंग तार घ्या. तिचे तिळाएवढे वीस तुकडे करा आणि हातोडीने चपटे करा. मोजून एका घमेल्यात मिसळा, ती वाळू पन्हळीतून सोडा आणि तुकडे परत मोजा. वीसपैकी अठरा-एकोणीस मिळाले तर साधन चांगलं. दहाच मिळाले तर उतार, पाणी किंवा हात चुकतोय. लोखंड सोन्यापेक्षा खूप हलकं आहे, म्हणजे जिथे लोखंड टिकलं तिथे तेवढाच सोन्याचा कण नक्की टिकेल.

सरावासाठी नदीवर जाऊ नका. घरबांधणीच्या ढिगातली दोन घमेली वाळू पुरे. नदीतली वाळू उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते. सोनं काढणं तर १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याखाली येतं. काठ पोखरून खणल्याने दरड अंगावर येते, ती गोष्ट वेगळीच.

हिशेब

समजा एखाद्या नदीत टनाला दशांश ग्रॅम सोनं आहे. घमेल्यात वीस किलो वाळू धरली तर टनाला पन्नास घमेली, आणि एका ग्रॅमला पाचशे घमेली. तीही एकही कण न सांडता. म्हणून पाटी आधी घ्यायची ती सोनं आहे का हे विचारायला. पाच-सहा ठिकाणची वाळू धुऊन एकही कण दिसला नाही, तर तिथे मोठं यंत्र लावण्यात अर्थ नाही. गटाने कर्ज काढून यंत्र घ्यावं असं कोणी सुचवलं, तर म्हणा, "आधी आमच्या पाटीत कण दाखवा."

आणि चमकलं म्हणजे सोनं असंही नाही. अभ्रक उन्हात चमकतं, सावलीत विझतं. सोनं सावलीतही तसंच पिवळं. गंधकयुक्त लोहाचा पिवळा खडा हातोडीने फुटून भुगा होतो, सोनं चपटं होतं.

पारा घरात नको

बारीक सोनं गोळा करायला काही ठिकाणी पारा वापरतात आणि मग तो आगीवर उडवतात. बायांनो, पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण मेंदू आणि मूत्रपिंडं बिघडवते. पोटातल्या बाळालाही ती बाधते. जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याचा पारा पाण्यात गेला, माशांत गेला आणि माशांतून माणसांत. १९५६ साली तो आजार उघड झाला. त्याच गावाच्या नावाने पारा आवरण्याचा जागतिक करार झाला आणि २०१८ साली भारतानेही तो मान्य केला. फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांतात छोटे खाणकामगार पाऱ्याऐवजी टाकणखार वापरून सोनं वितळवतात. आपला सोनारही डाग देताना टाकणखारच वापरतो. तेजाबाचंही काम घरी करायचं नाही.

हीच विद्या, खोटं पकडायला

"खोदकामात हंडा सापडला, माळ स्वस्तात देतो" म्हणत येणारे भामटे असतात. आधी एक-दोन मणी खरे देतात, सोनारही खरे म्हणतो. मग अख्खी माळ पितळेची निघते. अशा वेळी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा कामाला येतो.

वस्तू आधी काट्यावर मोजा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, त्याने वजनाला भागा. पन्नास ग्रॅमची भरीव वस्तू शुद्ध सोन्याची असेल तर काटा अडीच-पावणेतीन दाखवेल, बावीस कॅरटची असेल तर साधारण पावणेतीन-तीन. पितळेची असेल तर सहाच्या जवळ जाईल. पोकळ मण्यांना ही परीक्षा लागू नाही, आत हवा असते.

एक लक्षात ठेवा. या परीक्षेत खोटं उघडं पडतं, पण खरेपणाचा दाखला यातून मिळत नाही. त्यासाठी हॉलमार्क. दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. आणि हंडा खरंच सापडला असेल, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुपचूप विकायला आलेला माणूस एक तर खोटं विकतोय किंवा गुन्हा विकतोय. दोन्हींत आपले पैसे घालायचे नाहीत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत एक घमेलं, एक चाळणी आणि तारेचे वीस तुकडे घेऊन बसा. शाळेतल्या मुलींनाही बोलवा. कोणाचे किती तुकडे परत मिळतात ते मोजा. मग एखाद्या भरीव पितळी वस्तूवर पाण्याची परीक्षा करून बघा. हात बसला की दारात येणाऱ्या गोड बोलण्याला काय विचारायचं, ते तुम्हाला आपोआप सुचेल.