शाफ्टचं कडं घासतंय?

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर. गेवराई, चकलांब्याकडच्या गावरस्त्यांवर बुटकी, वेगवान गाडी नेणाऱ्याने गाडीच्या पोटाखाली आधी प्रोपेलर शाफ्टचं पोलादी कडं पाहावं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा पुढचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) तुटला की शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं आणि धावती गाडी मागून उचलली जाऊ शकते. कडं ते टोक वरच अडवतं. अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेच्या ड्रॅग रेसिंग नियमांत या कड्याची पट्टी किमान पाव इंच जाड, दोन इंच रुंद आणि पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत लागते.

घासतं म्हणून ती ग्राइंडरने पातळ करणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा कडं शाफ्टला लागणार नाही इतपत वर घ्यावं, खाली लोंबणारे बोल्ट उलटे बसवावेत. गिअरबॉक्स उचलायला जाल तर क्रॉसचे कोन बिघडून गाडी थरथरू लागते.

गाडीत बदल करण्याआधी कायदाही पाहावा: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं.