समुद्राकडे पाठ, मार्लेश्वराकडे वाट

गणपतीपुळ्याला आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, हे कुणीही डोळे मिटून सांगेल. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग जयगड आणि कऱ्हाटेश्वर. नाहीतर आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी. सगळा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्यानं. पुळ्याचा गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे हे खरं, पण म्हणून भक्तांनीही सगळी सुट्टी पश्चिमेकडेच बघत काढावी असा काही नियम नाही. पोरांची वाळूतली हौस फिटली की एक दिवस गाडी उलटीकडे वळवावी आणि थेट सह्याद्रीच्या कुशीत, संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वरला जावं. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. कोकणातले रस्ते धरून अडीच तास पकडा आणि सकाळी लवकर निघा.

कोकण रुंदीला किती अरुंद आहे ते या रस्त्यावर कळतं. पहिला टप्पा जांभ्याचा. चाफे, जाकादेवी करत गाडी सड्यावरून जाते. दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे आणि त्यांच्याआड हापूसची कलमं. याच भागात उक्षी आणि जांभरूण ही कातळशिल्पांची गावं आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांमध्ये या दोन्ही गावांची नावं आहेत. उक्षीचा हत्ती बघायला वाट थोडी वाकडी करावी लागते. मुलं बरोबर असतील तर जरूर करावी. सपाट कातळावर कुणीतरी, कधीतरी एवढा मोठा हत्ती कोरून ठेवला आणि का ते सांगितलं नाही, यापेक्षा चांगली गोष्ट गाडीतल्या मोबाइलवर सापडणार नाही.

निवळीला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या चौपदरीकरणावर कोकणी माणसानं लिहायला बसू नये, कागद पुरत नाही. संगमेश्वरच्या दिशेनं थोडं गेलं की बावनदीचा पूल येतो. तिथे गाडी जरा हळू घ्या आणि पोरांना नदी दाखवा. ही बाव मार्लेश्वरच्या डोंगरातून येते, पुढे शास्त्री नदीला मिळते आणि शास्त्री जयगडच्या खाडीतून समुद्रात जाते. म्हणजे काल जयगडच्या बुरुजावरून जी खाडी बघितली, तिच्यातल्या थोड्या पाण्याचं माहेर आज बघायचं आहे. भूगोलाच्या पुस्तकात उगम आणि मुख हे दोन शब्द एका ओळीत असतात. इथे ते एका दिवसात बसतात.

संगमेश्वरजवळ कसब्याचं कर्णेश्वर मंदिर आहे. १६८९ साली संभाजीराजांना पकडलं तेही इथेच, संगमेश्वरात. पण कसब्यासाठी वेगळा दिवस काढावा, घाईत उरकण्याची ती जागा नव्हे. तालुका संगमेश्वर, मात्र तहसील कचेरी देवरुखला, हा इथला जुना गंमतीचा मामला. देवरुखातच पोटभर खाऊन घ्यावं, कारण पुढे चहा-भजीपलीकडे फारसा भरवसा नाही.

देवरुख मागे पडलं की थोड्याच वेळात दगडाचा रंग बदलतो. तांबडा जांभा संपतो आणि काळा कातळ सुरू होतो. खरं तर जांभा हे याच काळ्या दगडाचं लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन झालेलं रूप. नातं एकच, पिढी वेगळी. मारळ गावानंतर डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ येत जातात आणि एका जागी रस्ताच संपतो. पुढे पायऱ्या.

पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, पण वाट झाडीतून जाते आणि बसायला जागोजागी कट्टे आहेत. आमच्याबरोबरची आजी प्रत्येक कट्ट्यावर टेकत होती. कोकम सरबतवालीला तिनं विचारलं, "बाय, अजून किती गो?" ती म्हणाली, "झालंच आजी, ह्यो वळसा की आलंच." असे तीन वळसे झाले, पण आजी वर पोचली. माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या. प्रसादाची पुडी हातात दिसली की ती कुणाचीच भीड ठेवत नाहीत.

देऊळ म्हणजे डोंगराच्या पोटातली गुहा. वाकून आत शिरावं लागतं. आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. बाहेरच्या उन्हातून गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. मग तेलकट उजेडात आधी फुलं दिसतात, मग ओलसर भिंत, मग मार्लेश्वर आणि मल्लिकार्जुन ही दोन शिवलिंगं. कपारींमध्ये साप असतात आणि ते कुणाला काही करत नाहीत, अशी श्रद्धा आहे. सात वर्षांच्या भाचीनं दर्शन सोडून कपारीच तपासल्या. साप दिसला नाही, याचं तिला वाईट वाटलं आणि तिच्या आईला बरं. देव मूळचा मुरडे गावचा. माणसांच्या वागण्याला विटून तो डोंगरात निघून आला आणि आंगवलीच्या साळवी सरदारांना शिकारीच्या वेळी ही गुहा सापडली, असं सांगतात. या घळीत उभं राहिल्यावर देवाची निवड चुकली असं म्हणवत नाही.

समोरच्या कड्यावरून धारेश्वरचा धबधबा कोसळतो. पावसाळ्यात त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि तुषार पायऱ्यांपर्यंत येतात. पण तेव्हा पायऱ्या शेवाळतात आणि पाणी बघता बघता वाढतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. धार असते, धोका कमी असतो. खालच्या डोहात मात्र कुठल्याच ऋतूत उतरू नये. पुळ्याच्या समुद्राबद्दल जी ताकीद देतो, तीच इथेही.

गर्दी बघायची असेल तर मकरसंक्रांतीला यावं. त्या दिवशी मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं. पालख्या येतात, मानकरी जमतात, माणसाच्या लग्नातले सगळे सोपस्कार होतात आणि घळीत पाय ठेवायला जागा उरत नाही. ते बघण्यासारखंच असतं, पण ती सहल नव्हे, जत्रा. शांतता हवी असेल तर श्रावण आणि सोमवार टाळून यावं. चारच्या आत खाली उतरलात तर देवरुखात चहा घेऊनही उजेडात महामार्ग गाठता येतो. उशीर झाला तर निवळी-चाफे रस्त्यावर गाडी बेतानं हाका. अंधार पडला की गुरं डांबरावरच बसकण मारतात.